क्लिपरमधील पतसंस्थेची जुनी प्रणाली विंडोज ११ वर चालवावी कशी, आणि तिच्यातील नोंदी वाचवाव्यात कशा?

सचिव_सातपूर यांचा प्रश्न

नमस्कार. सातपूर औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या एका सहकारी पतसंस्थेचे सचिवपद मी सांभाळतो. संस्थेचे सभासद, भाग भांडवल, ठेवी आणि कर्जे यांचा सर्व हिशेब नव्वदीच्या दशकात क्लिपर या माहिती-नोंदींच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहून घेतलेल्या एका डॉस (विंडोजच्या आधीची, मजकुरी पडद्याची कार्यप्रणाली) प्रणालीवर आजतागायत चालत आला आहे. ही प्रणाली लिहून देणारे गृहस्थ आता हयात नाहीत. प्रणाली मात्र कधीही हिशेबात चुकलेली नाही. दरमहा कंपन्यांकडे पाठवायची कपात यादी, वर्षअखेरीची तेरीज आणि लाभांशाचे पत्रक ती काही मिनिटांत काढून देते, आणि आमच्या दोन्ही कर्मचाऱ्यांची बोटे त्या निळ्या पडद्यावर इतकी सरावलेली आहेत की माऊसची त्यांना कधी गरजच भासलेली नाही.

आजवर ती विंडोज ७ च्या ३२ बिट आवृत्तीवर चालत होती. त्या संगणकाची हार्ड डिस्क आता कुरकुरू लागली आहे, म्हणून संचालक मंडळाने विंडोज ११ असलेले दोन नवीन संगणक घेतले. प्रणालीचे संपूर्ण फोल्डर त्यांवर जसेच्या तसे उतरवले, तेव्हा हे ॲप या पीसीवर चालू शकत नाही अशा अर्थाचा संदेश आला आणि पुढे काहीच घडले नाही. गुणधर्मांमध्ये जाऊन विंडोज एक्सपीची कंपॅटिबिलिटी निवडून पाहिली, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनही चालवून पाहिले. फरक पडला नाही.

नवीन सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका विक्रेत्याने सुचवले की, जुने सर्व सोडून द्यावे आणि ३१ मार्चच्या शिल्लक रकमा घालून नव्याने सुरुवात करावी. मला हे पटत नाही. एखाद्या सभासदाने निवृत्त होताना आपल्या जुन्या कर्जाचा किंवा अनिवार्य ठेवीचा उतारा मागितला, तर तो देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, आणि ती खतावणी फक्त याच फायलींमध्ये आहे.

आणखी एक अडचण आहे. सुरुवातीच्या संगणकात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे, डॉसमध्ये मराठी अक्षरे दाखवणारे जिस्ट कार्ड बसवलेले होते आणि तेव्हाच्या सभासदांची नावे मराठीत भरली गेली. तो संगणक बिघडल्यानंतर नवीन नावे इंग्रजी अक्षरांत भरली जाऊ लागली, आणि जुनी मराठी नावे आता पडद्यावर उभ्या-आडव्या रेषा आणि अनोळखी चिन्हे म्हणून दिसतात. ती नावे कायमची गेली, असे समजावे काय?

तरी, ही प्रणाली नवीन संगणकावर कशी चालवावी, तसेच तिच्यातील माहिती सुरक्षितपणे बाहेर कशी काढावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डॉसप्रेमी_नाशिकरोड यांचे उत्तर

सचिवसाहेब, सर्वप्रथम एक विनंती. कुरकुरणाऱ्या डिस्कवरील संपूर्ण फोल्डर आजच दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या आणि त्यांतील एक प्रत कोणीही उघडणार नाही अशी बाजूला ठेवा. पुढे जे काही कराल, ते दुसऱ्या प्रतीवरच करावे.

आता कारण. कंपॅटिबिलिटीची निवड का उपयोगी पडली नाही, हे समजल्याशिवाय योग्य उपाय निवडता येत नाही. डॉस प्रणाली या १६ बिटच्या असतात. इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरमध्ये १९८५ साली अशी सोय आली की, प्रोसेसर मुख्य कामात असतानाच एका कोपऱ्यात जुन्या ८०८६ या १६ बिट प्रोसेसरसारखा वागू शकतो. ३२ बिट विंडोजमधील एनटीव्हीडीएम हा डॉस प्रणाली चालवणारा घटक याच सोयीवर उभा होता. प्रोसेसर जेव्हा ६४ बिट पद्धतीने चालू असतो, तेव्हा ही सोय त्याच्यात उपलब्धच नसते, आणि म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये तो घटक कधी दिलाच गेला नाही. कंपॅटिबिलिटीची निवड फक्त विंडोजने प्रणालीला द्यायची उत्तरे बदलते, प्रोसेसरची चाल बदलत नाही. शिवाय विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही, त्यामुळे मूळ मार्ग तेथे पूर्णपणे बंद आहे.

राहतो तो एम्युलेटरचा मार्ग, म्हणजे संपूर्ण जुना प्रोसेसर आणि डॉस यांचे सोंग सॉफ्टवेअरनेच वठवायचे. यात सर्वांना ठाऊक असलेले नाव डॉसबॉक्स आहे. पण तो मुळात जुन्या खेळांसाठी तयार झाला आहे, आणि दोन संगणकांवरून एकच नोंद उघडली जाऊ नये यासाठी लागणारी फाइल लॉकिंगची व्यवस्था त्यात नीट नाही. पतसंस्थेच्या कामासाठी तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्यासाठी दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला व्हीडॉस, जो खास अशाच मजकुरी पडद्याच्या व्यावसायिक प्रणालींसाठी बनवला गेला; तो हलका आहे, अक्षरे मोठी आणि ठळक दाखवतो, आणि कळफलकाची वाट पाहत असताना प्रोसेसर उगाच गुंतवून ठेवत नाही. दुसरा डॉसबॉक्स-एक्स, ज्यात मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइलमध्ये पुष्कळ गोष्टी ठरवता येतात, छपाईची सोय आहे आणि फाइल लॉकिंगही चालू करता येते.

मांडणी करताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. फोल्डरचे नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे नसावे आणि त्यात मोकळी जागा नसावी. प्रणाली पूर्वी ज्या ड्राइव्हवरून चालत होती, तेच अक्षर एम्युलेटरमध्येही द्यावे, कारण अनेक प्रणालींमध्ये ते अक्षर कायमचे लिहिलेले असते. तिसरी गोष्ट बॅकअपची: आपल्या प्रणालीत बॅकअपचा पर्याय बहुधा ए ड्राइव्हच्या फ्लॉपीवर लिहीत असेल, तर हार्ड डिस्कवरील एखादे फोल्डरच ए ड्राइव्ह म्हणून जोडून द्यावे, म्हणजे कर्मचाऱ्यांची रोजची सवय मोडणार नाही. फाइल उघडताना डॉस एरर ४ असा संदेश दिसला, तर तो एकाच वेळी उघडता येणाऱ्या फायलींची मर्यादा संपल्याचा आहे. मांडणीत फाइल्सची संख्या वाढवावी आणि क्लिपर या नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (डॉसने प्रणालीसाठी जपून ठेवलेले मूल्य) एफ पुढे ६० सारखा आकडा द्यावा. दोन्ही ठिकाणी बदल केल्याशिवाय तो संदेश जात नाही.

मार्केटयार्ड_अडत यांचे उत्तर

पंचवटीच्या बाजार समितीत आमची अडत आहे आणि आमची हिशेबपट्टी, हमाली-तोलाईसह, आजही फॉक्सप्रो २.६ या क्लिपरसारख्याच जुन्या डॉस प्रणालीवरच निघते. आम्ही एम्युलेटरऐवजी व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाचा, मार्ग धरला. नवीन संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यात ३२ बिट विंडोज एक्सपी उभे केले आणि प्रणाली त्यात ठेवली. लाभ असा की, प्रणालीला कोणताच बदल जाणवत नाही. जे तेव्हा चालत होते ते तसेच चालते.

मात्र एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. एक्सपीची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाली, त्यामुळे त्या मशीनला इंटरनेट देऊच नये. नेटवर्कवरील फोल्डर जोडायला गेल्यास एक्सपीला एसएमबीची (विंडोजमधील फाइल शेअरिंगच्या पद्धतीची) पहिली आवृत्तीच समजते, आणि ती नव्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी मुळात बंद ठेवलेली असते. केवळ एक्सपीसाठी ती चालू करणे म्हणजे संस्थेच्या प्रत्येक संगणकाचे दार उघडे टाकणे होय. आमच्याकडे एकच संगणक असल्याने माहिती मशीनच्या आतच राहते आणि प्रश्न उद्भवत नाही. आपल्याकडे दोन टेबलांवरून काम होत असेल, तर हा मार्ग आपल्याला कितपत सोयीचा पडेल याचा विचार करावा.

३२ बिट विंडोज १० टाकून वेळ निभावून नेण्याचा सल्लाही कोणी देईल. त्यात एनटीव्हीडीएम आहे हे खरे, पण विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. सभासदांचे पैसे ज्यावर अवलंबून आहेत, त्या कामासाठी आता त्या दिशेने जाऊ नये.

क्लिपर_५२ यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे प्रणाली चालू करण्याविषयी आहेत आणि ती योग्यच आहेत. मला मात्र प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. सचिवसाहेब, आपली खरी ठेव त्या डीबीएफ फायलींत, म्हणजे प्रणाली ज्यांत सर्व नोंदी साठवते त्या फायलींत, आहे. सुदैवाने डीबीएफ ही संगणकाच्या इतिहासातील अत्यंत सरळ रचनांपैकी एक आहे. फाइलच्या आरंभी ३२ बाइटचा मथळा असतो: पहिल्या बाइटवरून फाइलचा प्रकार कळतो, पुढच्या तीन बाइटमध्ये शेवटच्या बदलाची तारीख असते आणि त्यानंतरच्या चार बाइटमध्ये एकूण नोंदींची संख्या. मग प्रत्येक रकान्याचे नाव, प्रकार आणि लांबी सांगणारे ३२ बाइटचे एकेक वर्णन, आणि त्यानंतर सर्व नोंदी सारख्याच लांबीच्या, साध्या मजकुराच्या स्वरूपात एकापुढे एक. रक्कमसुद्धा अंकांच्या अक्षरांतच लिहिलेली असते. तारीख आठ अंकांची, वर्ष चार अंकी, त्यामुळे आपल्या पडद्यावर वर्ष दोनच अंकांत दिसत असले तरी फाइलमध्ये ते पूर्ण असते. इतक्या उघड रचनेची माहिती हरवली असे म्हणण्याचे काहीच कारण नाही. तिला वाचण्यासाठी मूळ प्रणालीची गरजच नाही.

लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये डीबीएफ फाइल थेट उघडते. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा येत असणाऱ्या व्यक्तीला डीबीएफरीड नावाची लायब्ररी उपयोगी पडेल. शेरे किंवा ठराव यांसारखा मोठा मजकूर असेल, तर तो शेजारच्या डीबीटी फाइलमध्ये असतो, म्हणून ती जोडी कधीही तोडू नये. एनटीएक्स फायली या केवळ अनुक्रमणिका आहेत. त्या बिघडल्या तर काढून टाकून प्रणालीतील रीइंडेक्सच्या पर्यायाने पुन्हा तयार करता येतात.

येथे मी कळकळीने एक गोष्ट सांगतो: माहितीची प्रत निघून तपासली जाईपर्यंत प्रणालीतील पॅक हा पर्याय कोणीही वापरू नये. डीबीएफमध्ये एखादी नोंद रद्द केली की, ती पुसली जात नाही, तिच्या आरंभी एक तारांकित खूण लागते इतकेच. पॅक केल्यावर मात्र ती कायमची जाते. राजीनामा दिलेल्या सभासदांची, बंद झालेल्या कर्जखात्यांची माहिती अनेकदा अशा खूण लागलेल्या नोंदींतच सापडते, आणि उतारा मागायला येणारी माणसे बहुधा तीच असतात. डीबीएफरीड या रद्द नोंदी वेगळ्या काढून दाखवते.

बाहेर काढलेली माहिती बरोबर आहे हे कसे ठरवावे? प्रत्येक वर्षीच्या ३१ मार्चला भाग भांडवल, ठेवी आणि कर्जाची येणे बाकी यांच्या बेरजा काढाव्यात आणि त्या लेखापरीक्षित ताळेबंदाशी पैशापैशाने जुळवाव्यात. एका वर्षाची जुळली म्हणून पुढची जुळेलच असे धरून चालू नये. ही जुळवाजुळव कंटाळवाणी आहे, पण संचालक मंडळापुढे ठेवण्यासाठी याहून भक्कम पुरावा दुसरा नाही.

आता मराठी नावे. ती गेलेली नाहीत. जिस्ट कार्डावर भरलेला मजकूर इस्की या भारतीय मानकानुसार साठवला जात असे. हे मानक आयएस १३१९४ या क्रमांकाने १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात इंग्रजी अक्षरे आपल्या जागी राहतात आणि १२८ च्या पुढच्या जागांत भारतीय लिपीची अक्षरे येतात. उदाहरणार्थ, 'क' या अक्षराचा क्रमांक १७९ आहे. कार्ड नसलेल्या साध्या डॉस पडद्यावर १७९ म्हणजे चौकटीची उभी रेघ. आपल्याला ज्या रेषा दिसतात, त्या अशा आल्या. कार्ड नाही म्हणून चित्र बदलले, बाइट तेच आहेत. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीसाठी ५७००२ क्रमांकाचे कोड पेज (बाइट आणि अक्षरे यांची जुळवणी सांगणारा तक्ता) आजही आहे. विंडोज ११ सोबत येणाऱ्या पॉवरशेलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या साधनातून) ते वापरून प्रत्येक नाव युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरमानकात, बदलता येते. पायथनने वाचत असाल तर आधी लॅटिन-१ (प्रत्येक बाइटला एक अक्षर देणारी सांकेतिक पद्धत) समजून वाचावे, म्हणजे एकही बाइट न बदलता हाती येतो, आणि मग तोच बाइटसमूह रूपांतरासाठी द्यावा. इस्कीचा पीसी-इस्की हा प्रकारही वापरात होता आणि त्यातील क्रमांक वेगळे असतात, म्हणून सर्व फाइल एकदम बदलण्यापूर्वी ज्यांची नावे आपल्याला नक्की माहीत आहेत अशा काही जुन्या सभासदांवर प्रयोग करून पाहावा. जोडाक्षरे आणि 'ळ' असलेली नावे निवडावीत, चूक असेल तर तेथेच दिसते.

शेवटी, त्या गृहस्थांच्या घरी किंवा संस्थेच्या कपाटात पीआरजी नावाच्या फायली असलेल्या फ्लॉपी मिळतात का, हे आवर्जून पाहा. तो प्रणालीचा मूळ कार्यक्रम, म्हणजे सोर्स कोड, असतो. तो मिळाला, तर हार्बर या मुक्त कंपायलरने, जो क्लिपरचीच भाषा समजतो, तीच प्रणाली आजच्या विंडोजसाठी नव्याने तयार करता येते. बाहेरच्या जोड लायब्ररी वापरलेल्या असतील तर तेवढा भाग पुन्हा लिहावा लागेल, पण व्याज आकारणीचे आणि लाभांशाचे नियम जसेच्या तसे राहतील. अशा वेळी एम्युलेटरचीही गरज उरत नाही.

सचिव_सातपूर यांचे पुढील विचारणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉसबॉक्स-एक्समध्ये प्रणाली उघडली आणि सभासदांची यादी दिसली, तेव्हा कार्यालयातील सर्वांनाच हायसे वाटले. पॉवरशेलच्या मार्गाने काही जुनी नावे बदलून पाहिली. ती शुद्ध मराठीत आली, 'गांगुर्डे' आणि 'वाळके' यांसह.

आता दोन शंका उरतात. कपात यादी १३२ रकान्यांची असते आणि ती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन प्रतींसह निघते. तो प्रिंटर समांतर पोर्टाचा आहे आणि नवीन संगणकांना तसे पोर्टच नाही. दुसरे म्हणजे, रोखपालाच्या आणि व्यवस्थापकाच्या अशा दोन्ही संगणकांवरून एकाच वेळी काम करणे सुरक्षित राहील काय?

डॉसप्रेमी_नाशिकरोड यांचे उत्तर

छपाईसाठी डॉसबॉक्स-एक्सच्या मांडणीत पहिल्या समांतर पोर्टाला फाइल असे मूल्य द्यावे. मग प्रणाली जे काही प्रिंटरकडे पाठवते ते फाइलमध्ये जमा होते, त्यातील नियंत्रण चिन्हांसह. अक्षरे दाटीने छापण्याची आज्ञा म्हणजे १५ क्रमांकाचा बाइट. तो फाइलमध्ये तसाच राहतो आणि १३२ रकाने कागदावर बसतात. प्रिंटर यूएसबीचा घ्यावा किंवा जुन्यासाठी समांतर पोर्टाचे कार्ड संगणकात बसवून घ्यावे, त्याला विंडोजमध्ये शेअर करावे, आणि ती फाइल कॉपी या आज्ञेने, बायनरीचा पर्याय लावून, त्या शेअरच्या नावावर पाठवावी. नोटपॅडमधून छापू नये, कारण तेथे ही चिन्हे बिघडतात. या सर्व पायऱ्या एका बॅच फाइलमध्ये लिहून तिचे चिन्ह डेस्कटॉपवर ठेवल्यास रोखपालांना एक क्लिक पुरेल.

दोन संगणकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. विंडोज नेटवर्कवरील फायलींची माहिती वेग वाढवण्यासाठी काही क्षण स्वतःजवळ जपून ठेवते. डीबीएफसारख्या सतत बदलणाऱ्या सामाईक फायलींना हेच बाधते: एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याला दिसत नाही आणि अनुक्रमणिका तुटते. ज्या संगणकावरून नेटवर्कचे फोल्डर उघडले जाते, त्याच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीत) लॅनमॅनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये फाइलइन्फोकॅशलाइफटाइम, डिरेक्टरीकॅशलाइफटाइम आणि फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम ही तीन मूल्ये शून्य करावीत आणि संगणक पुन्हा सुरू करावा. डॉसबॉक्स-एक्समधील फाइल लॉकिंग दोन्ही ठिकाणी चालू असल्याची खात्री करावी. दोन्ही संगणक केबलने जोडलेले असावेत; वायफायवर हे काम करू नये.

त्यानंतर प्रतीवर एक चाचणी घ्यावी. व्यवस्थापकांनी एका सभासदाचे खाते बदलण्यासाठी उघडून तसेच ठेवावे, आणि रोखपालांनी तेच खाते उघडण्याचा प्रयत्न करावा. नोंद दुसऱ्याच्या वापरात असल्याचे प्रणालीने सांगितले, तर लॉकिंग काम करत आहे. दोघांनाही बदल करता आला, तर रोजकीर्द एकाच संगणकावर भरावी आणि दुसऱ्याला फक्त पाहण्याची परवानगी द्यावी. ३१ मार्चच्या अखेरीची कामे तर काहीही असो, एकाच संगणकावरून आणि दुसरा पूर्ण बंद ठेवूनच करावीत.